डांबरातले घटक वेगळे करताना

रिफायनरीत आलेले कच्चे खनिज तेल आधी वातावरणीय दाबाच्या मनोऱ्यात ऊर्ध्वपातित केले जाते. गॅस, नॅफ्था, रॉकेल आणि डिझेल साधारण ३५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत वर निघून जातात. यापुढे तापवले तर तेल उकळण्याऐवजी त्याचे रेणूच तुटू लागतात, म्हणून उरलेला भाग निर्वात मनोऱ्यात नेतात. तिथे दाब इतका कमी असतो, की एरवी ५४० अंशांच्या आसपास उकळणारा पदार्थही चारशेच्या आसपासच वाफ होऊन वर येतो. या भागाला निर्वात गॅस ऑइल म्हणतात. त्यातले काही वंगणतेलात जाते, काही भंजन करून, म्हणजे रेणू तोडून, पुन्हा पेट्रोल-डिझेलच्या वाटेला लागते. एवढे करूनही तळाशी जो काळा, चकचकीत, गरम असताना वाहणारा आणि थंड झाल्यावर घट्ट बसणारा पदार्थ उरतो, तो निर्वात अवशेष. रस्त्यावरचे डांबर यातूनच येते. निर्वात गॅस ऑइल आणि निर्वात अवशेष मिळून तेलाचा जो जड भाग होतो, त्यात नेमके काय आहे हे शोधणे हा खनिज तेलाच्या रसायनशास्त्रातला सर्वांत चिवट प्रश्न आहे.

पेट्रोलमध्ये काही शे संयुगे असतात आणि वायू क्रोमॅटोग्राफीच्या एका लांब स्तंभातून त्यांतली बहुतेक एकेक करून, नावानिशी, ओळखता येतात. जड तेलात हा मार्ग बंद होतो. दहा कार्बन अणूंच्या अल्केनचे ७५ समघटक संभवतात. वीस कार्बनला तो आकडा ३,६६,३१९ होतो, तीसला ४११ कोटींच्या वर जातो आणि चाळीसला सुमारे ६२ लाख कोटींवर पोचतो. यात वलये धरलेली नाहीत, गंधक नाही, नायट्रोजन-ऑक्सिजन नाही. अवशेषातले रेणू तर बहुतांशी चाळीस कार्बनच्याही पुढचे आणि या सगळ्यांनी भरलेले. निसर्गात हे सारे समघटक सापडतात असे नाही. पण त्यांचा अगदी लहानसा अंश असला, तरी एकेका रेणूची यादी करण्याचा नाद सोडावा लागतो. त्याऐवजी सारख्या वागणुकीच्या रेणूंचे गट पाडायचे आणि प्रत्येक गट किती टक्के भरतो ते पाहायचे, ही जड तेलाच्या विश्लेषणाची रीत आहे. गट पाडण्याचे मुख्य साधन म्हणजे क्रोमॅटोग्राफी, मराठी परिभाषेत वर्णलेखन.

या आकड्यांवर रिफायनरीत बरेच काही ठरते. निर्वात गॅस ऑइलमध्ये संतृप्त हायड्रोकार्बने जास्त असतील तर त्याचे भंजन सुखाने होते. अनेक वलयांची ॲरोमॅटिक संयुगे जास्त असतील तर उत्प्रेरकावर कोक बसतो. नायट्रोजनयुक्त क्षारधर्मी संयुगे उत्प्रेरकाची आम्लधर्मी केंद्रे निकामी करतात, तर व्हॅनेडियम आणि निकेल त्याच्यावर कायमचे साचतात. डांबराच्या बाबतीत हेच गटांचे प्रमाण ते उन्हात किती मऊ पडेल आणि वर्षानुवर्षांच्या ऑक्सिडीकरणाने किती ठिसूळ होईल याचा अंदाज देते.

क्रोमॅटोग्राफीचे तत्त्व सोपे आहे. मिश्रण एका वाहत्या माध्यमात, म्हणजे द्रवात किंवा वायूत, सोडायचे आणि ते एका स्थिर पदार्थावरून जाऊ द्यायचे. ज्या रेणूंना स्थिर पदार्थाची ओढ जास्त ते रेंगाळतात, ज्यांना कमी ते पुढे निघतात, आणि स्तंभाच्या दुसऱ्या टोकाला ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे ही कल्पना मांडली आणि १९०६ मध्ये तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. पानातली हिरवी-पिवळी रंगद्रव्ये पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळवून त्यांनी ती खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडली आणि नळीत रंगांचे वेगवेगळे पट्टे उमटले. पेट्रोलियम ईथर हा खुद्द खनिज तेलाचाच हलका भाग. त्स्वेत यांच्या आधी, १८९७ च्या सुमारास, अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड डे यांनी कच्चे तेल मुलतानी मातीच्या जातीच्या शोषक मातीतून गाळून पाहिले होते आणि आधी बाहेर येणारे तेल मागाहून येणाऱ्या तेलापेक्षा हलके असते हे नोंदवले होते. जमिनीतून झिरपताना तेलाचे असेच गाळण होत असावे, हा त्यांचा मुद्दा होता. प्रयोगशाळेतली पद्धत म्हणून त्याकडे त्यांनी पाहिले नाही, त्यामुळे श्रेय त्स्वेत यांच्याकडे गेले. पण जड तेल आणि शोषक माती यांचे नाते क्रोमॅटोग्राफी या नावापेक्षा जुने आहे.

जड तेलाच्या विश्लेषणात सर्वांत जास्त वापरली जाणारी वाटणी चार गटांची आहे: संतृप्त, ॲरोमॅटिक, रेझिने आणि ॲस्फाल्टीन. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सारा’ विश्लेषण म्हणतात. यातले ॲस्फाल्टीन स्तंभावर घालण्याआधीच बाजूला काढावे लागतात. ते तसेच घातले तर शोषकाला असे चिकटतात, की पुन्हा निघत नाहीत आणि स्तंभ वाया जातो. म्हणून पहिली पायरी क्रोमॅटोग्राफीची नसून साक्याची असते.

ही पायरी नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर उभे असतात. काही ग्रॅम नमुना चंबूत वजन करून घेतात आणि त्यात पद्धतीप्रमाणे ग्रॅममागे ३० ते १०० मिलिलिटर नॉर्मल हेप्टेन घालतात. वर उभा संघनक लावून मिश्रण तासभर उकळत ठेवतात. हेप्टेन ९८ अंशांना उकळते, त्यामुळे नमुन्याला इजा होत नाही. मग चंबू दीड ते अडीच तास अंधाऱ्या कपाटात ठेवून देतात. बारीक गाळणकागदातून गाळल्यावर कागदावर गडद तपकिरी ते काळी भुकटी उरते आणि खाली तांबूस-तपकिरी द्रावण येते. भुकटीत मेणही अडकलेले असते, म्हणून ती उकळत्या हेप्टेनच्या वाफेने धूत राहतात, जोवर खाली पडणारा थेंब रंगहीन होत नाही तोवर. शेवटी ती गरम टोल्यूइनमध्ये विरघळवतात, टोल्यूइन उडवून लावतात आणि उरलेल्या कोरड्या, चमकदार, हात लावल्यास चुरा होणाऱ्या पदार्थाचे वजन घेतात. हे ॲस्फाल्टीन. गाळून खाली गेलेल्या भागाला माल्टीन म्हणतात.

म्हणजे ॲस्फाल्टीनची व्याख्या कोणत्याही रासायनिक रचनेवर बसवलेली नाही. हेप्टेनमध्ये न विरघळणारे आणि टोल्यूइनमध्ये विरघळणारे, इतकीच ती आहे. हेप्टेनऐवजी पेंटेन घेतले तर त्याच तेलातून जास्त साका पडतो, कारण हेप्टेनमध्ये तग धरणारी काही रेझिने पेंटेनमध्ये बाहेर फेकली जातात. विद्रावकाचे प्रमाण, तापमान, थांबण्याचा वेळ आणि धुण्याची चिकाटी, या प्रत्येकाने आकडा हलतो. फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यांनी १८३७ मध्ये अल्सेसमधल्या बिट्युमेनच्या ऊर्ध्वपातनातून उरलेल्या घन भागाला ॲस्फाल्टीन हे नाव दिले, तेव्हाही त्यांची कसोटी विद्राव्यतेचीच होती. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी व्याख्येचे स्वरूप बदललेले नाही. यात शास्त्राचा आळस नाही. इतक्या मिश्र पदार्थाची दुसरी व्याख्या करणे खरोखर कठीण आहे.

माल्टीन आता स्तंभावर जातात. एल. डब्ल्यू. कॉर्बेट यांनी १९६९ मध्ये डांबरासाठी मांडलेली रीत आजही अनेक प्रयोगशाळांत मूळ धरून आहे. एएसटीएम डी ४१२४ हे मानक तिच्यावरून आले. उभ्या काचेच्या नळीत तापवून कोरडी केलेली ॲल्युमिना भरतात आणि वरून माल्टीनचे द्रावण ओततात. त्यानंतर सुरू होते ते विद्रावकांचे चढत्या ताकदीचे सत्र. पहिले हेप्टेन: त्याला ॲल्युमिनाशी झगडण्याचे बळ नसते, त्यामुळे ज्यांना ॲल्युमिनाची ओढच नाही अशी संतृप्त हायड्रोकार्बनेच त्याच्याबरोबर बाहेर येतात. विद्रावक उडवल्यावर ती रंगहीन ते फिकट, तेलकट किंवा मेणचट दिसतात. काळ्याकुट्ट डांबरातून असे निवळ तेल निघते याचे नवख्याला नवल वाटते. मग टोल्यूइन आले, की नळीतला पिवळा-नारिंगी पट्टा खाली सरकू लागतो. ही ॲरोमॅटिके, ज्यांचे वलयांतले मोकळे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनाला धरून असतात. शेवटी मेथॅनॉलमिश्रित किंवा क्लोरीनयुक्त तीव्र विद्रावक घालून वरच्या टोकाला अडून बसलेला काळसर पट्टा सोडवतात. त्यातून मिळणारी रेझिने गडद तपकिरी आणि कमालीची चिकट असतात.

या स्तंभाचा स्वभाव पाण्यावर अवलंबून आहे. ॲल्युमिना किंवा सिलिका हवेतली ओल शोषते आणि ओल बसलेल्या जागा रेणूंना धरेनाशा होतात. तीच नळी, तोच नमुना, तेच विद्रावक. पण शोषक नीट तापवलेला नसेल तर ॲरोमॅटिकांचा काही भाग संतृप्तांबरोबर निसटतो आणि संतृप्तांचे टक्के फुगतात. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली सिलिकाची बाटली दुसऱ्या दिवशी तीच सिलिका राहत नाही. म्हणून चांगल्या पद्धतीत शोषक किती तापमानाला आणि किती वेळ तापवायचा, मग त्यात मोजून किती पाणी घालायचे, हेही लिहिलेले असते.

दुसरी अडचण जमाखर्चाची. चारही गटांची बेरीज शंभर टक्के यायला हवी, पण ती क्वचितच येते. काही रेझिने शोषकावर कायमची बसतात. शिवाय विद्रावक उडवताना हलके घटकही त्याच्याबरोबर उडून जातात, म्हणून ३०० अंशांच्या खाली उकळणारा भाग ज्या तेलात बराच आहे त्याला आधी ऊर्ध्वपातन करून तो भाग काढावा लागतो. तूट कुठे दाखवायची हा प्रश्न मग विश्लेषकाच्या प्रामाणिकपणावर सोडलेला असतो. ती गुपचूप रेझिनांच्या खात्यात टाकण्याची चाल सर्रास दिसते.

गट पाडण्याची अधिक रासायनिक रीत अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या दशकात घडली. तिथल्या ब्युरो ऑफ माइन्स आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट यांच्या संयुक्त प्रकल्प क्रमांक ६० ने जड भागाच्या विश्लेषणाचा एक संपूर्ण क्रम बसवला. त्यात नमुना आधी ऋणायन-विनिमय रेझिनवरून जातो आणि आम्ले अडकतात. मग धनायन-विनिमय रेझिनवर क्षारधर्मी संयुगे अडकतात. त्यानंतर फेरिक क्लोराइड लावलेल्या मातीवर उदासीन नायट्रोजन संयुगे अडतात. उरलेली हायड्रोकार्बने सिलिकावर वेगळी होतात. ‘सारा’ हे नावही १९७२ मध्ये याच कामातून रूढ झाले. रासायनिक दृष्टीने ही वाटणी कॉर्बेट यांच्या वाटणीपेक्षा अर्थपूर्ण आहे, कारण इथे प्रत्येक गटाला कारण आहे. पण एका नमुन्याला कित्येक दिवस आणि लिटरच्या लिटर विद्रावक लागतात. रोजच्या कामात ती टिकली नाही. नॅफ्थेनिक आम्लांसारख्या गंजकारी घटकांचा मागोवा घेताना मात्र तिच्यातली आयन-विनिमयाची पायरी अजून उपयोगी पडते.

वेळेच्या तगाद्यातून छोट्या पद्धती आल्या. सिलिकाचा थर भाजून बसवलेल्या क्वार्ट्‌झच्या बारीक कांड्यांवर नमुन्याचा मायक्रोलिटरभर थेंब ठेवून त्या क्रमाने हेक्झेन किंवा हेप्टेन, टोल्यूइन आणि तीव्र विद्रावकाच्या टाकीत उभ्या करतात. विद्रावक केशाकर्षणाने वर चढतो आणि गट कांडीवर वेगवेगळ्या उंचीला थांबतात. मग कांडी हायड्रोजनच्या ज्योतीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात आणि जळणाऱ्या कार्बनमुळे निर्माण होणारा विद्युत्प्रवाह मोजतात. पद्धत झटपट आहे आणि कांड्या पुन्हा वापरता येतात, पण तिच्यात एक खोट आहे. संतृप्त, ॲरोमॅटिक आणि ॲस्फाल्टीन यांचे सारखे वजन ज्योतीत सारखा प्रवाह देत नाही, आणि हलका भाग ज्योतीपर्यंत पोचायच्या आधीच उडून गेलेला असतो. त्यामुळे कच्च्या तेलापेक्षा अवशेषासाठी ती बरी.

उच्च कार्यक्षम द्रव क्रोमॅटोग्राफीत दाब लावून अमिनो किंवा सायनो गट चिकटवलेल्या सूक्ष्म सिलिका कणांच्या स्तंभातून नमुना जातो. इथे वेगळी करण्याची कसोटी ॲरोमॅटिक वलयांची संख्या: एकवलयी आधी, मग द्विवलयी, मग तीन आणि त्याहून जास्त वलयांची. मध्यम ऊर्ध्वपातितांसाठी ही पद्धत मानक झाली आहे. निर्वात गॅस ऑइलपर्यंत ती ओढता येते, पण लांब अल्किल शेपट्या असलेले एकवलयी रेणू आणि आखूड शेपट्यांचे द्विवलयी रेणू तिथे एकमेकांत मिसळू लागतात. अमेरिकेतल्या लारामी येथील वेस्टर्न रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०१० च्या आसपास साक्याची पायरीच स्तंभात आणली. निष्क्रिय टेफ्लॉनच्या भुकटीने भरलेल्या स्तंभात हेप्टेनचा प्रवाह चालू असताना नमुना सोडला, की ॲस्फाल्टीन टेफ्लॉनवर साक्याच्या रूपात बसतात. त्यांना टेफ्लॉनची ओढ नसते, ते फक्त हेप्टेनमध्ये विरघळत नाहीत. मग सायक्लोहेक्झेन, टोल्यूइन आणि डायक्लोरोमिथेन-मेथॅनॉल अशा क्रमाने त्यांनाच विरघळत नेतात. परिणामी ॲस्फाल्टीनचेही पोटगट मिळतात, आणि सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळणारा भाग घटत चालला की तेल कोक होण्याच्या दिशेने सरकते आहे हे कळते. तपकिरी चंबू आणि गाळणकागदांच्या जुन्या पद्धतीवर ही खरी सुधारणा म्हणावी लागेल.

वायू क्रोमॅटोग्राफीने जड तेलात वेगळेच काम उचलले. तिने रेणू ओळखण्याचा आग्रह सोडला आणि उकळबिंदू मोजायला घेतले. अध्रुवी स्तंभात पदार्थ साधारणपणे उकळबिंदूच्या क्रमाने बाहेर येतात. ज्ञात उकळबिंदूंच्या सरळ साखळीच्या अल्केनांचे मिश्रण आधी चालवून कोणत्या मिनिटाला कोणता उकळबिंदू येतो हे ठरवले, की नमुन्याचा कितवा टक्का कोणत्या तापमानाला उकळतो हे आलेखावरून वाचता येते. याला अनुकृत ऊर्ध्वपातन म्हणतात. खऱ्या ऊर्ध्वपातनाला लिटरभर तेल आणि एक-दोन दिवस लागतात. इथे एक थेंब आणि तासाभराच्या आतबाहेरचा वेळ पुरतो.

एएसटीएम डी २८८७ ही पद्धत ५३८ अंशांपर्यंत जाते. अवशेषासाठी उच्च तापमानाची रीत आहे. तिच्यात शंभर कार्बनच्या अल्केनपर्यंत, म्हणजे ७२० अंश समतुल्य उकळबिंदूपर्यंत, मोजता येते. प्रत्यक्षात भट्टी ४३० अंशांच्या आसपास थांबते. नळी आखूड, आतला थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ, आणि नळी धातूची, कारण नेहमीच्या सिलिका नळीवरचे पॉलिइमाइडचे आवरण या उष्णतेत टिकत नाही. नमुना गरम कक्षात एकदम न सोडता थंड नळीच्या तोंडाशी ठेवून हळूहळू तापवतात, नाहीतर मोजायच्या आधीच त्याचे भंजन व्हायचे. विद्रावक म्हणून कार्बन डायसल्फाइड घेतात. वास घाण आणि पेट घ्यायला तयार, पण ज्योत-आयनन डिटेक्टरला तो जवळजवळ दिसत नाही, हा त्याचा गुण. अवशेषाचा जो भाग ७२० अंशांपर्यंतही बाहेर येत नाही, तो ज्ञात प्रमाणाशी ताडून वजाबाकीने काढतात. पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. अनेक वलयांची ॲरोमॅटिके आपल्याच उकळबिंदूच्या अल्केनांपेक्षा या स्तंभातून लवकर निघतात, त्यामुळे ॲरोमॅटिक तेल आहे त्यापेक्षा हलके भासते.

१९९१ मध्ये झायू लिऊ आणि जॉन फिलिप्स यांनी दोन वेगळ्या स्वभावांचे स्तंभ एकापुढे एक जोडले. पहिल्या स्तंभातून बाहेर येणारा प्रवाह दर काही सेकंदांनी अडवून, गोळा करून, दुसऱ्या आखूड ध्रुवी स्तंभात फेकला जातो. पहिला उकळबिंदूने वेगळे करतो, दुसरा ध्रुवीयतेने. आलेख मग रेघेचा न राहता नकाशा होतो: खालच्या पट्ट्यात अल्केने, त्याच्या वर नॅफ्थीने म्हणजे वलयी संतृप्ते, मग एकवलयी, द्विवलयी, त्रिवलयी ॲरोमॅटिकांचे तिरपे पट्टे. डिझेलला ही द्विमितीय पद्धत फार शोभते आणि काळजीपूर्वक राबवली तर निर्वात गॅस ऑइललाही. गंधकाला दाद देणारा डिटेक्टर जोडला की तोच नकाशा गंधकाचा होतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधला गंधक दहा लाखात दहा भागांवर आणला गेला. तिथवर पोचताना सर्वांत शेवटी हटणारे संयुग म्हणजे ४,६-डायमिथिल डायबेंझोथायोफीन. त्यातल्या गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथिल गट उभे असल्यामुळे उत्प्रेरकाला गंधकापर्यंत पोचता येत नाही. असे एक संयुग हजारोंच्या गर्दीत वेगळे दिसणे हे याच नकाशामुळे साधले.

आतापर्यंतच्या पद्धती ओढीवर चालतात. आकार-वर्जन क्रोमॅटोग्राफी आकारावर चालते. अमेरिकेत डाऊ केमिकल कंपनीतल्या जॉन मूर यांनी १९६४ मध्ये यासाठी पॉलिस्टायरीनचे सच्छिद्र मणी पुढे आणले. आठवडी बाजारातून बैलगाडी सरळ रस्त्याने पुढे निघून जाते आणि लहान पोर प्रत्येक बोळात डोकावत मागे राहते, तसे मोठे रेणू मण्यांच्या छिद्रांत न शिरता आधी बाहेर येतात आणि लहान रेणू उशिरा. वेळेवरून आकार आणि आकारावरून रेणुभार काढायचा, हा हेतू.

ॲस्फाल्टीनच्या बाबतीत या पद्धतीने दीर्घकाळ दिशाभूल केली. ॲस्फाल्टीनची चपटी वलये एकमेकांवर चढून थप्प्या लावतात आणि थप्पीच एक रेणू असल्यासारखी स्तंभातून जाते. जुन्या मोजणीत म्हणून हजारो, कधी त्याच्याही कैक पटींनी मोठे रेणुभार नोंदले गेले. १९९९ मध्ये ग्रोएन्झिन आणि मलिन्स यांनी अतिविरल द्रावणात प्रतिदीप्तीच्या आधारे रेणू किती वेगाने गरगरतात ते मोजले, आणि बहुतेक ॲस्फाल्टीन रेणू ५०० ते १००० च्या टप्प्यात, ७५० च्या आसपास, आहेत असे दाखवले. आकार-वर्जन स्तंभ खोटा बोलत नव्हता. तो थप्प्यांचा आकार सांगत होता आणि वाचणारे त्याला रेणूचा आकार समजत होते. आज याच स्तंभाचा उपयोग थप्प्याच अभ्यासण्यासाठी होतो. त्याच्या शेवटी धातू मोजणारा प्लाझ्मा द्रव्यमान वर्णपटमापक जोडला की व्हॅनेडियम आणि निकेल कोणत्या आकाराच्या पुंजक्यांत दडले आहेत ते दिसते. व्हेनेझुएलाच्या बोस्कान तेलात व्हॅनेडियम दहा लाखात हजार भागांहून जास्त असते. मुंबई हायच्या हलक्या तेलाला हा त्रास नाही.

या व्हॅनेडियमचा एक भाग पोर्फिरिन वलयांत अडकलेला असतो. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ मध्ये अशी पोर्फिरिने खनिज तेलातून वेगळी केली आणि त्यांची रचना हरितद्रव्याशी जुळते हे दाखवून दिले. मॅग्नेशियम गेले, त्याच्या जागी व्हॅनेडियम आले, पण सांगाडा कोट्यवधी वर्षे टिकला. खनिज तेल सजीवांपासून झाले याचा हा पहिला पक्का रासायनिक पुरावा.

असे टिकून राहिलेले सांगाडे जैवखुणा म्हणून ओळखले जातात आणि त्यांचा उपयोग गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो. पावसाळ्याच्या सुमारास तिथल्या पुळणीवर डांबराचे गोळे वाहून येतात. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडून गेल्यावर उरलेला हा जड भाग असतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असे गोळे विरघळवून सिलिका स्तंभातून संतृप्त भाग वेगळा काढण्याची आणि तो वायू क्रोमॅटोग्राफी-द्रव्यमान वर्णपटमापनाने तपासण्याची वाट धरली. जिवाणूंच्या पटलांतून आलेली होपेने ऊन, पाणी आणि सूक्ष्मजीव यांना पुरून उरतात, आणि त्यांचे परस्पर प्रमाण तेलागणिक वेगळे असते. त्यावरून काही गोळे मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काही टँकर धुऊन सोडलेल्या परक्या तेलाकडे बोट दाखवत होते.

अलीकडच्या दोन दशकांत अतिशय बारीक वस्तुमानभेद ओळखणाऱ्या फूरिये रूपांतर द्रव्यमान वर्णपटमापकाने या क्षेत्राचा चेहरा बदलला. फ्लोरिडातल्या टॅलाहासी येथे ॲलन मार्शल आणि रायन रॉजर्स यांच्या गटाने एकाच तेलात दहा हजारांहून अधिक रासायनिक सूत्रे नोंदवली. मग स्तंभांची गरज संपली का? उलट वाढली. मिश्रण जसेच्या तसे यंत्रात घातले तर ज्यांचे आयन सहज होतात ते रेणू बाकीच्यांचा आवाज दाबून टाकतात. आधी क्रोमॅटोग्राफीने गट पाडून मग प्रत्येक गट यंत्रात घातला, तर पूर्वी न दिसलेली सूत्रे वर येतात. शिवाय सूत्र कळले म्हणजे प्रमाण कळले असे नाही; किलोने तेल विकत घेणाऱ्याला टक्केच लागतात, आणि ते अजून स्तंभच देतो.

हे टक्के किती महाग पडू शकतात याचे उदाहरण जहाजांच्या इंधनात मिळाले. १ जानेवारी २०२० पासून सागरी इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि अवशेषात मेणचट, कमी गंधकाचे घटक मिसळून नवी इंधने तयार होऊ लागली. संतृप्तांचा भाग वाढला की ॲस्फाल्टीनना तरंगत ठेवणारे वातावरण नाहीसे होते आणि टाकीत गाळ बसून गाळण्या तुंबतात. यासाठी एक साधा निर्देशांक वापरतात: संतृप्त आणि ॲस्फाल्टीन यांची बेरीज भागिले ॲरोमॅटिक आणि रेझिने यांची बेरीज. उत्तर ०.७ च्या खाली असेल तर तेल स्थिर, ०.९ च्या वर असेल तर गाळ बसण्याची भीती. मात्र हेच तेल मातीच्या स्तंभाने, ॲल्युमिनाने आणि कांडीने तपासले तर तीन वेगळे निर्देशांक येऊ शकतात, कारण तिन्ही ठिकाणी रेझिन म्हणजे काय याची व्याख्या वेगळी आहे. एका पद्धतीत पेंटेनने साका पाडतात, दुसरीत हेप्टेनने, तिसरीत साका न पाडताच काम भागवतात. दोन प्रयोगशाळांचे अहवाल समोर ठेवताना म्हणून आकड्याच्या आधी पद्धतीचा क्रमांक आणि विद्रावकाचे नाव वाचावे. ते लिहिलेले नसेल, तर त्या टक्केवारीवर ना मिश्रण ठरवावे, ना सौदा.